माळ्यावरून मंडपात : ई-कचरा संकलन आणि अदलाबदल मेळाव्याचा लेखाजोखा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या भागातील काही सोसायट्यांनी एकत्र येऊन प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे संकलन आणि अदलाबदल यांचा एक दिवसाचा मेळावा भरवला होता. मंडप एकच होता आणि त्यावरचा फलकही एकच होता. मात्र आत टेबले दोन होती. उजव्या हाताला पुनर्चक्रण करणाऱ्या एका कंपनीची माणसे बंद पडलेली कोणतीही वस्तू विनामूल्य घेत होती आणि डाव्या हाताला एका विक्रेत्याची माणसे जुनी वस्तू ठेवून घेऊन नव्या वस्तूवर सूट देत होती. पहिले काम विल्हेवाटीचे आणि दुसरे निव्वळ विक्रीचे असूनही हा भेद मंडपात कोणी समजावून सांगत नव्हते, त्यामुळे बरीच मंडळी नको ती वस्तू नको त्या टेबलावर ठेवून घरी गेली. मी दोन्हीकडे वस्तू घेऊन गेले होते, म्हणून दोहोंविषयी लिहिते.

आमच्या माळ्यावर साठलेला ऐवज असा होता : २००३ साली घेतलेला एकवीस इंची, पाठीमागे कुबड असलेला टीव्ही, बॅटरी फुगल्यामुळे टचपॅड वर उचलला गेलेला एक लॅपटॉप, कायमचा बंद पडलेला एक आणि नीट चालणारा एक असे दोन मोबाइल, जळालेल्या मोटारीचा मिक्सर, संगणकाची एक सुटी हार्ड डिस्क, आत सेल फुटून हिरवट पांढरी पूड जमलेले तीन रिमोट, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, स्नानगृहाच्या दाराआड उभ्या करून ठेवलेल्या चार ट्यूब, आणि चार्जर. चार्जर किती, ते मोजल्यावर अकरा निघाले. फोन बदलत गेले आणि चार्जर मात्र एकत्र कुटुंबासारखे एकाच डब्यात नांदत राहिले.

वस्तू नेण्याआधीचे खरे काम म्हणजे त्यांतील माहिती पुसणे. संयोजकांच्या पत्रकात त्याविषयी 'माहिती काढून आणावी' एवढी एकच ओळ होती आणि ती अपुरी होती. चालू स्मार्टफोनच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा असतो. आधी फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्यायचे, मग फोनमधल्या गूगलच्या किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडायचे आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करायचा. खाते तसेच ठेवून सेटिंगबाहेरून रीसेट केला तर फोन पुन्हा सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि पुढच्या माणसाच्या हातात नुसता काचेचा तुकडा राहतो. माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांचे तेच झाले. त्यांना पासवर्ड आठवेना, मुलगा परदेशात, तिथे तेव्हा पहाट; शेवटी फोन परत खिशात गेला. अलीकडच्या फोनमधील माहिती कूटबद्ध स्वरूपात असते, त्यामुळे रीतसर रीसेट केल्यानंतर ती परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची गोष्ट निराळी आहे. तेथे 'डिलीट' म्हटल्यावर पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी फाडली जाते आणि पाने जागेवरच राहतात.

म्हणूनच उजव्या टेबलाची जी गोष्ट मला सर्वांत आवडली ती तिथे ठेवलेली छिद्रे पाडण्याची यंत्रणा होती. लाकडी ठोकळ्यावर शिकंजा बसवलेला होता, शेजारी ड्रिल होते आणि डोळ्यांना चष्मा लावलेली एक तरुण मुलगी तिथे बसली होती. तिने माझी हार्ड डिस्क शिकंजात अडकवली, मला दोन पावले मागे उभे केले आणि मधल्या फिरत्या तबकड्यांतून आरपार तीन छिद्रे पाडली. ॲल्युमिनियमचा चुरा टेबलावर सांडला, तोही तिने ब्रशने गोळा करून वेगळ्या डबीत टाकला. "काकू, बघा, आता उजेड दिसतोय पलीकडचा," असे म्हणत तिने ती डिस्क माझ्यापुढे धरली. माहितीच्या सुरक्षिततेवर एखादे छापील आश्वासन हातात ठेवण्यापेक्षा हा उजेड मला अधिक पटला. या एका सोयीसाठी मी त्या टेबलाला पैकीच्या पैकी गुण देईन.

वस्तू स्वीकारण्याची त्यांची पद्धतही शिस्तीची होती. प्रत्येक घराच्या वस्तू वजनकाट्यावर वेगळ्या ठेवल्या जात, वहीत नाव, सदनिका आणि वस्तूंचा प्रकार लिहिला जाई आणि मग त्या चार ठिकाणी विभागल्या जात : पडद्याच्या वस्तू, मोटारीच्या वस्तू, पट्ट्या म्हणजे सर्किट असलेल्या वस्तू आणि वायरी. लॅपटॉप हातात घेताच तिथल्या मुलाने तो उघडला नाही. फुगलेल्या कडेवरून बोट फिरवून त्याने तो वाळूने अर्ध्या भरलेल्या पत्र्याच्या डब्यात उभा ठेवला. लिथियमची फुगलेली बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते आणि अशी बॅटरी इतर भंगारासोबत टेम्पोत कोंबणे म्हणजे रस्त्यात आगीला आमंत्रण देणे होय. रिमोटमधले फुटलेले सेल मात्र त्याने हातमोजे न घालता काढले, ते मला खटकले आणि मी तसे त्याला सांगितलेही. "सवय आहे ताई," असे उत्तर मिळाले. सवयीने कातडी जाड होत नाही, एवढे बोलून मी गप्प बसले.

रांगेत सर्वांत जास्त वाद पैशावरून झाला. मंडपाच्या खांबावर, जुन्या फोनमध्ये सोने असते, असे सांगणारा फलक लावला होता आणि तो वाचून एका आजोबांनी थेट हिशेब मागितला : "अहो, यात सोनं आहे म्हणता, मग आम्हाला त्याचे पैसे कसे नाहीत?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर देणाऱ्याला ते नीट देता आले नाही, म्हणून ते येथे देते. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकच्या सुमारे ५,००० पदकांसाठी जपानमध्ये एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात लोकांकडून जुनी उपकरणे गोळा करण्यात आली. त्या दोन वर्षांत ७८,९८५ टन उपकरणे जमली, त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल होते आणि या साऱ्यातून पदकांसाठी मिळालेले सोने होते सुमारे ३२ किलो. एका घराच्या वाट्याला त्यातले किती येईल, हे आजोबांच्या लक्षात यावे. शिवाय ते सोने वेगळे काढण्याचा खर्च, टीव्हीच्या शिसेयुक्त काचेची विल्हेवाट लावण्याचा खर्च आणि ज्यातून काहीच मिळत नाही अशा प्लॅस्टिकचा खर्चही त्याच पाटीतून भागवायचा असतो. फलकावर सोन्याऐवजी तांबे लिहिले असते तर वाद कमी झाला असता. पण तांब्याकडे कोण वळून पाहणार?

याच ठिकाणी भंगारवाल्याशी तुलना करणे भाग आहे, कारण आमच्याकडच्या भंगारवाल्याने त्याच टीव्हीचे दीडशे रुपये देऊ केले होते आणि मंडपात शून्य मिळाले. मला भंगारवाल्याविषयी आकस नाही. पुनर्चक्रण हा शब्द आपल्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून रद्दी, बाटल्या आणि पत्रा त्यानेच पुन्हा बाजारात नेला आहे. परंतु कुबडाच्या टीव्हीतून त्याला हवी असते ती चित्रनळीच्या मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी आणि ती काढताना मान मोडली की उरलेली शिसेयुक्त काच बहुधा ओढ्याकाठी जाते. वायरींचेही तसेच. त्या जाळून तांबे मोकळे केले जाते आणि आवरणाच्या प्लॅस्टिकचा विषारी धूर आजूबाजूची वस्ती श्वासात घेते. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही ठिकाणे अशा कामासाठीही देशभर माहीत झाली आहेत. मुरादाबादेत सर्किटच्या पट्ट्या जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले जात असत. दीडशे रुपयांमागे हे सारे असते. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद असलेला भाग २२.३ टक्केच होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. उरलेल्या वाटेवर आपल्या ओळखीचा हातगाडीवालाही असतो.

मात्र मंडपातला माणूस गणवेशात आहे एवढ्यावरून तो रीतसर ठरत नाही, आणि येथे मी थोडी चौकस झाले. आपल्याकडे ई-कचऱ्यासाठी पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले, ते २०१६ साली बदलले आणि सध्याचे म्हणजे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत नोंदणी चौघांना करावी लागते : वस्तू बनवणारा, ती आपल्या नावाने किंवा आयात करून बाजारात आणणारा उत्पादक, जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रण करणारा. ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. उत्पादकाने बाजारात आणलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण झाले पाहिजे, असे बंधन त्याच्यावर आहे. २०२५-२६ साठी हे प्रमाण ७० टक्के आहे आणि ते पूर्ण करण्यासाठी तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेतो. सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम किती परत मिळवले यावर ती प्रमाणपत्रे बेतलेली असतात. याचा अर्थ असा की, आपण फुकट दिलेल्या मिक्सरला पुढे कागदोपत्री मोल येते. त्यात गैर काही नाही, पण देणाऱ्याला ते ठाऊक असावे आणि त्याने निदान दोन प्रश्न विचारावेत : माल कोणाकडे जाणार, आणि त्याची नोंदणी दाखवता येईल का?

उजव्या टेबलाने नोंदणीची प्रत दाखवली. ती आधीपासून लावलेली नव्हती, मागितल्यावर टेम्पोतल्या पिशवीतून निघाली, तरी निघाली. डाव्या टेबलावर हाच प्रश्न विचारला तेव्हा "माल कंपनीत जातो, मॅडम," यापलीकडे उत्तर आले नाही. कोणत्या कंपनीत, हे त्या मुलालाही ठाऊक नसावे.

आता त्या डाव्या टेबलाविषयी. माझा चालू फोन तीन वर्षांचा होता. आदल्या रात्री त्यांच्याच ॲपवर माहिती भरली तेव्हा ४,२०० रुपये भाव दिसला. मंडपात फोन हातात घेतल्यावर तो उतरू लागला. काचेवरच्या केसाएवढ्या ओरखड्याचे पैसे कमी झाले, मूळ खोका नसल्याचे कमी झाले, बॅटरी 'थोडी दमली आहे' म्हणून आणखी कमी झाले आणि आकडा २,६०० वर येऊन थांबला. ओरखडा आणि खोका या दोन्ही गोष्टी मी ॲपवर प्रामाणिकपणे आधीच नोंदवल्या होत्या, हे दाखवल्यावर "तो अंदाज असतो," असे सांगण्यात आले. हे पैसेही रोख मिळणार नव्हते. पंधरा दिवसांत त्याच दुकानातून वीस हजारांहून अधिक किमतीची वस्तू घेतली तरच वापरता येईल असे ते कूपन होते. ही अट कूपनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होती आणि माझ्याआधीच्या दोघांनी ते उलटून पाहिलेले नव्हते.

टीव्हीची योजना याहून शिताफीची होती. बंद पडलेला जुना टीव्ही आणा आणि नव्यावर ३,५०० रुपये सूट घ्या, असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. बंद टीव्हीचे साडेतीन हजार मिळतात म्हटल्यावर मंडपात आनंदीआनंद होता आणि एका घरातून दोन-दोन टीव्ही खाली उतरले. दुसऱ्या दिवशी मी त्या विक्रेत्याच्या दुकानात जाऊन सहज चौकशी केली, तेव्हा तोच नवा टीव्ही, काहीही जुने न देता, त्याच किमतीला मिळत असल्याचे कळले. म्हणजे सूट जुन्या टीव्हीची नव्हतीच. ती सर्वांसाठी होती आणि जुना टीव्ही केवळ गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत ओढण्याची दोरी होता. अदलाबदलीच्या टेबलावर बसण्यापूर्वी, जुने न देता ही वस्तू कितीला पडते, हे विचारून घ्यावे. मी ते एक दिवस उशिरा विचारले.

तरीही अदलाबदल ही कल्पना मी मोडीत काढणार नाही. चालणारा फोन फोडून त्यातून चिमूटभर धातू काढण्यापेक्षा तो दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाच्या हाती जाणे केव्हाही चांगले आणि नियमांनी दुरुस्त करून विकणाऱ्याला वेगळे स्थान दिले आहे तेही यासाठीच. तक्रार आहे ती भाव पाडण्याच्या पद्धतीविषयी आणि पावती न देण्याविषयी. मी फोन परत आणला. आमच्या चौकातल्या दुरुस्तीवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला, चार्जिंगला लावून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि २,९०० रुपये रोख दिले. ओरखड्याचा उल्लेखही केला नाही.

काही वस्तू उजव्या टेबलानेही परत पाठवल्या आणि त्यांतील एक नकार योग्य होता. इन्व्हर्टरची बॅटरी ई-कचऱ्याच्या नियमांत येत नाही. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि शिसे-आम्लाची बॅटरी नवी घेताना विक्रेता जुनी परत घेऊन तिचे पैसे वळते करतो, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. हे पत्रकात लिहिले असते तर तीस-पस्तीस किलोचे ते धूड तिसऱ्या मजल्यावरून उतरवून पुन्हा चढवण्याचा व्याप वाचला असता. लिफ्ट त्या दिवशी नेमकी चालू होती, नाहीतर हा अभिप्राय आणखी कडक झाला असता.

संयोजनाच्या बाकीच्या बाबी थोडक्यात सांगते. वेळ सकाळी नऊ ते दोन दिली होती, पण टेम्पो साडेअकरालाच भरला आणि दुसरा येईपर्यंत पाऊण तास वस्तू उन्हात पडून राहिल्या. ज्येष्ठांच्या घरून वस्तू उचलून आणणारी मुले तत्पर आणि नम्र होती. चहा चांगला होता. ज्यांना वर्षातून एकदाच येणाऱ्या अशा मेळाव्याची वाट पाहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा 'व्ही-कलेक्ट' हा जुन्या वस्तूंच्या संकलनाचा उपक्रमही आहे. त्याची माहिती देणारे एखादे पान मंडपात ठेवायला हरकत नव्हती.

पावतीविषयी सांगायचे तर, उजव्या टेबलाने जागेवरच हस्ताक्षरात पावती दिली आणि तीन आठवड्यांनी सोसायटीच्या नावे एकत्रित प्रमाणपत्र पाठवले. त्यात एकूण वजन आणि वस्तूंचे प्रकार आहेत. घरनिहाय तपशील नाही, त्यामुळे माझ्या टीव्हीचे पुढे नेमके काय झाले ते त्यावरून कळत नाही. परंतु 'चित्रनळीचे टीव्ही : ९' अशी एक ओळ आहे आणि मंडपात उजवीकडे मी मोजले होते तेही नऊच होते. डाव्या टेबलाकडे गेलेल्या टीव्हींची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

एकुणात संकलनाच्या टेबलाला मी पाचपैकी चार तारे देते आणि अदलाबदलीच्या टेबलाला दीड, तोही तिथल्या मुलाने शेवटपर्यंत आवाज चढवला नाही म्हणून. संकलनाचा पाचवा तारा ट्यूबवर अडला. नियमांनुसार पारा असलेल्या ट्यूब आणि सीएफएल दिवे ई-कचऱ्यातच मोडतात, तरीही त्या फुटू न देता नेण्यासाठी लागणारा खोका नसल्यामुळे त्या घेतल्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी पुठ्ठ्याच्या नळ्यांची सोय करू, असे संयोजकांनी सांगितले आहे. तोवर त्या चारही ट्यूब जुन्या साडीत गुंडाळून पुन्हा स्नानगृहाच्या दाराआड उभ्या आहेत आणि दार जोरात लोटू नये अशी घरात सर्वांना ताकीद आहे.